वाकड्या अंगणाचा माळी

पंथात कुणी सामील होत नाही, हे आधी डोक्यातून काढून टाका. माणूस चहाला जातो. चहाबरोबर बिस्किट खातो. उठताना कुणीतरी "पुन्हा या हं" म्हणतं, आणि बघता बघता त्याच्या अंगावर पांढरे कपडे चढतात आणि पोटच्या पोरीचा फोन नंबर आठवेनासा होतो. मधलं सगळं इतकं हळूहळू होतं की ज्याचं होतं त्यालाही पत्ता लागत नाही. बाहेरचे आपण उंटावरचे शहाणे, "एवढा व्यवहारी माणूस, फसलाच कसा?" असं विचारायला मोकळे.

रेक्स पेडलर व्यवहारीच होता. आमच्या हॅरोज बेंड गावच्या बोलिंग क्लबाचा तो सव्वीस वर्षं माळी. हा खेळ म्हणजे पांढरे कपडे घालायचे, जडशीळ चेंडू गवतावरून हळूच घरंगळत सोडायचा आणि तो थांबेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभं राहायचं. साठीनंतरचा खेळ, घाई कुणालाच नसते. पण त्याला हिरवळ लागते एकदम सपाट, आणि रेक्सची हिरवळ अशी होती की चाळीस पावलांच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मिलिमीटरचा फरक काढून दाखवा म्हणावं. नदीकाठच्या पाच गावांत तशी जमीन नव्हती. हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, पण त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्याकडे तोंडावर स्तुती करायची पद्धत नाही.

त्याची बायको ग्लेनिस एका ऑगस्टमध्ये गेली. आमच्याकडे कुणी गेलं की शेजारीपाजारी काचेच्या भांड्यांतून शिजवलेलं अन्न आणून देतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव असतं, म्हणजे भांडं चुकत नाही. रेक्सकडे अकरा भांडी आली. त्याने ती खाऊन, घासून, एकेक करून परत केली. अकरावं भांडं परत गेलं त्या दिवशी गावाच्या हिशेबी त्याचं दुःख संपलं. त्यानंतर रस्त्यात कुणी भेटलं की, "बरंय ना, रेक्स?" आणि रेक्स म्हणणार, "बरंय." या प्रश्नाला आमच्या गावात दुसरं उत्तर नाही. दुसरं उत्तर दिलंत तर विचारणाराच घाबरून पळून जाईल.

त्याच वर्षी क्लबही बंद पडला. सभासद उरले होते सात, त्यांत धड गुडघे असलेला एकच, आणि त्याला दिसत नव्हतं. दाराला कुलूप लागलं तरी रेक्स रोज सकाळी जायचा, कुंपणावरून चढून आत उतरायचा, आणि ज्या हिरवळीवर आता कुणीच खेळणार नव्हतं तिच्यावर रोलर फिरवायचा. मुलगी केरिन अ‍ॅडलेडहून दर रविवारी फोन करायची. "बाबा, काय करतोस दिवसभर?" "गवत," म्हणायचा रेक्स. मग दोघं फोन ठेवायची.

अशात तीन व्हॅन घेऊन डेस्मंड क्विल आला. आधी तो दारोदार पाणी तापवायचे बंब विकायचा. आवाज मऊ, दात छान, आणि डोळे असे की तुमच्याकडे बघताना दुसरीकडे बघायची त्यांना सवयच नाही. त्याच्याबरोबर तीसएक माणसं होती. त्याने क्लब भाड्याने घेतला, कुलूप उघडलं आणि सरळ रोलरपाशी गेला.

"हे तुम्ही केलंत?"

"काय?" रेक्स म्हणाला.

"ही जमीन. मी उभा आहे तर माझ्या पायांना कळतंय. किती वर्षं लागली हो?"

सव्वीस वर्षांत हा प्रश्न रेक्सला कुणी विचारला नव्हता. ग्लेनिसनेसुद्धा नाही. ती बिचारी म्हणायची, "गवताच्या गोष्टी गवतापाशी ठेवून ये, आणि बूट बाहेर काढ." रेक्स दीड तास बोलला. वाळू कुठली, रोलर किती वजनाचा, पातं किती उंचीवर ठेवायचं, सगळं. डेस्मंड ऐकत राहिला. मग त्याने विचारलं, "घरी कोण असतं?"

"कुणी नाही. बायको ऑगस्टमध्ये गेली."

"मग बरंय ना?"

"बरंय."

आणि इथे डेस्मंडने ते केलं जे आमच्यापैकी एकानेही केलं नव्हतं. तो गेला नाही. तिथेच उभा राहिला, गप्प. मिनिटभराने रेक्स म्हणाला, "नाही, बरं नाहीये," आणि रोलरच्या दांड्यावर बसून ढसाढसा रडला.

डेस्मंड लबाड होता, हे मी कुठेही हात वर करून सांगेन. पण त्या दिवशी एक मिनिट थांबला तो तोच. हे आठवलं की अजून लाज वाटते.

आता पंथाचं तत्त्वज्ञान ऐका, आणि हसू आलं तर हसून घ्या, कारण आतले एकतीस लोक एकदाही हसले नाहीत. जग म्हणे कललेलं आहे. त्यामुळे माणसंही तिरकी वाढतात, तिरकं बोलतात, तिरकं जगतात. वर आकाशात 'हलके' म्हणून कुणी राहतात, त्यांना खाली यायचंय, पण पाय टेकायला खरोखरीची सपाट जागा पृथ्वीवर कुठेच नाही. एक सोडून. ती कुठली, हे सांगायला नकोच. डेस्मंड बंब विकत होता तेव्हा ती जागा कुठे होती, हे त्याला कुणी विचारलं नाही. मंडळींचं नाव समतल मंडळ. गणवेश पांढरा, कारण क्लबाच्या कपाटात खेळाडूंच्या पांढऱ्या पँटी पडून होत्या आणि फुकट होत्या. या पँटींमुळे पहिले दोन महिने गावाला वाटलं क्लब पुन्हा सुरू झालाय. आमच्या बायकांनी केक पाठवले.

रेक्सला देव, आकाश, हलके, जड, कशातच फारसा रस नव्हता. पण रोज सकाळी एकतीस माणसं हिरवळीच्या कडेला उभी राहायची आणि तो रोलर फिरवत असताना एक शब्द न बोलता बघायची. त्याच्या गवतात कुणी बूट घालून पाऊल टाकत नव्हतं. हळूहळू तो तिथेच राहायला लागला, आणि दुपारी जेवताना त्याची खुर्ची डेस्मंडच्या उजव्या हाताला. तुम्ही असता तर उठून गेला असता का? मी नसतो गेलो, खरं सांगतो.

मग वर्षभरात दोन गोष्टी झाल्या आणि मागचे दोर कापले गेले. पहिली म्हणजे एका शुक्रवारी रेक्स पांढऱ्या कपड्यांत पबमध्ये आला, बारपाशी उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "तुम्ही सगळे तिरके आहात. सगळेच्या सगळे. आणि व्हिक, तू सगळ्यांत जास्त." व्हिक आमचा बेकरीवाला, रेक्सचा चाळीस वर्षांचा दोस्त. व्हिकने बियरचा घोट घेतला, म्हणाला, "असेल बाबा," आणि क्रिकेटचा स्कोअर बघू लागला.

दुसरी गोष्ट वाईट. डेस्मंडने सांगितलं की घरच्यांशी बोलून कल वाढतो, तेव्हा ज्याने त्याने आपापल्या माणसांना पत्र लिहावं. काय लिहावं हे त्याने सांगितलं नाही. तेवढा हुशार होता. "तुला योग्य वाटेल ते लिही, रेक्स. फक्त सगळ्यांसमोर वाचून दाखव." रेक्सने लिहिलं, 'प्रिय केरिन, मी थोडे दिवस कामात आहे.' वाचलं, सगळे गप्प. दुसरं लिहिलं, सगळे गप्प. तिसरं लिहिलं तेव्हा एकीने मान हलवली. चौथं लिहिलं, 'केरिन, तू तिरकी आहेस. सरळ होईपर्यंत येऊ नकोस, फोन करू नकोस.' त्यावर टाळ्या पडल्या. डेस्मंडने त्याला मिठी मारली. पत्र गेलं.

केरिनला तेव्हा तिसरा महिना होता. त्या रविवारी ती हेच सांगायला फोन करणार होती. केला नाही.

तिथून पुढची नऊ वर्षं मला विचारू नका कशी गेली, कारण विचारलंत की तुम्ही लगेच म्हणाल, "पण फाटकाला कुलूप होतं का?" नव्हतं. फाटक उघडं असायचं, वाऱ्याने आपटायचं. नदीपर्यंत चालत सात मिनिटं, बेकरीपर्यंत बारा. कुणी बंदूक घेऊन उभं नव्हतं. आणि रेक्स आंधळाही नव्हता. मंडळाच्या स्वयंपाकघरात उकडलेली भाजी आणि सूप याखेरीज काही शिजत नसे, मांस म्हणजे कल. एकदा मागच्या पंपाच्या खोलीत रेक्स गेला तर डेस्मंड उकिडवा बसून खिमा भरलेली पाइ खात होता, हनुवटीला टोमॅटोचा सॉस. दोघांची नजरानजर झाली.

"रेक्स," डेस्मंड तोंड पुसत म्हणाला, "तुमच्या सगळ्यांचा कल मी माझ्या अंगावर घेतोय. जड जातं रे."

रेक्सने मान डोलावली आणि पाना घेऊन बाहेर आला. अहो, मान डोलावली! काय करणार? ही पाइ जर नुसती पाइ असेल, तर मग पोरीला लिहिलेलं ते पत्र काय होतं? त्या प्रश्नाच्या वाटेला जाण्यापेक्षा डेस्मंडवर विश्वास ठेवणं सोपं होतं.

मंडळात नॉरीन नावाची बाई होती, निवृत्त हेडमास्तरीण. सूपचं खातं तिच्याकडे. एकदा शेंगा सोलताना रेक्सने तिला हळूच विचारलं, "नॉरीन, तुला कधी वाटतं का, की हे सगळं..."

"तिसऱ्या वर्षापासून," ती शेंगेवरून नजर न काढता म्हणाली.

"मग?"

"मग काय मग? घर विकलं. बहिणीला काय काय लिहिलं ते तुला माहितीये, तूच टाळ्या वाजवल्यास. आता तिच्या दारात जाऊन काय सांगू, ताई, तुझंच खरं होतं? चाळीस वर्षं ती हेच ऐकायला टपलीये." तिने पुढची शेंग घेतली. "आणि मी गेले तर गुरुवारचं सूप कोण करणार? या मुडद्यांना मीठ किती घालायचं ते कळत नाही."

रेक्स हसला. नॉरीनही हसली. मग दोघांनी उरलेल्या शेंगा सोलल्या. असं हसायला मिळालं की आणखी सहा महिने निघतात.

आठव्या वर्षी डेस्मंडने तारीख दिली. मार्चच्या सोळा तारखेला, भर दुपारी बाराला, हलके उतरणार. रेक्सने महिनाभर जीव तोडून काम केलं. गवताचं पातं न् पातं कापलं. सोळा तारखेला एकतीस जण हिरवळीभोवती हात धरून उभे राहिले. बारा वाजले. सव्वाबारा. एक कावळा आला, मधोमध बसला, इकडेतिकडे बघून उडून गेला. दोन बायकांना चक्कर आली. पावणेदोनला डेस्मंडने डोळे उघडले, हिरवळीकडे पाहिलं, मग सावकाश रेक्सकडे पाहिलं.

"ते आले होते," तो म्हणाला. "परत गेले. रेक्स, जमीन सपाट नव्हती."

नाचता येईना अंगण वाकडं! मराठीत शेंबड्या पोरालाही ही म्हण पाठ असते. पण तिथे एकतीस माणसांनी रेक्सकडे वळून असं पाहिलं की त्यानेच दार लावून घेतलं होतं जणू.

रेक्सचे कान लाल झाले. बाकी काहीही म्हणा, पण त्याच्या जमिनीला? तो तरातरा गेला, पाणसळ घेऊन आला, हिरवळीच्या मधोमध ठेवली. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मध्ये. चार कोपऱ्यांत ठेवली. मध्ये. "बघा!" तो ओरडला. "बघा की! या ना इकडे, डोळे फुटलेत का?"

डेस्मंड जवळ आला, वाकला, मायेने हसला. "ही पाणसळ कुठे तयार झाली, रेक्स? कललेल्या जगातच ना?"

लोकांनी सुस्कारे सोडले. काय पण मुद्दा काढला! त्या संध्याकाळी रेक्सला मधल्या खुर्चीत बसवलं आणि एकेकाने त्याचा कल सांगितला. कुणी म्हणालं तो गर्विष्ठ आहे, कुणी म्हणालं तो अजून रविवारी फोनकडे बघतो. नॉरीनची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, "तो सूपला नावं ठेवतो." तिच्या परीने तिने त्याला वाचवलं.

तुम्हाला वाटेल, आता तरी उठला असेल. मलाही वाटलं असतं. पण माणूस अपमान झाला म्हणून सोडून जात नाही हो, अपमान धुऊन काढायला थांबतो. दुसऱ्या दिवसापासून रेक्सने ती हिरवळ उकरायला घेतली. स्वतःची, सव्वीस अधिक आठ वर्षांची, सपाटच असलेली हिरवळ त्याने पुन्हा सपाट करायला घेतली. वाळू चाळून टाकली, नवं नाजूक जातीचं गवत लावलं. पोराला जपावं तसं त्याला जपत होता, कारण ते गवत असं होतं की जानेवारीत, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यात, दुपारी दोनला पाणी चुकलं तर संध्याकाळपर्यंत करपून जाईल. त्याच्याशिवाय कुणालाच त्यातलं काही कळत नव्हतं, आणि मंडळात नेमून न दिलेल्या कामाला कुणी हात लावत नसे. डेस्मंडने नवी तारीख दिली, पुढच्या जानेवारीचा शेवटचा रविवार.

त्या रविवारच्या अलीकडच्या मंगळवारी व्हिक नेहमीप्रमाणे फाटकाशी पाव टाकायला आला. पाव उतरवून घ्यायला रेक्स गेला. नऊ वर्षं ते असेच भेटत होते, आठवड्यातून एकदा, वीस पावांच्या दोन्ही बाजूंना. व्हिकने पिठाने माखलेल्या खिशातून घडी केलेला कागद काढला.

"केरिनने दिलाय. टपालाने पाठवलं की तुझ्यापर्यंत पोचत नाही म्हणे. मला काय घेणं, मी आपला दिला."

कागदावर चार ओळी होत्या. 'बाबा, शनिवारी दुपारी एक वाजता व्हिककाकाच्या बेकरीत बसेन. एल्सीला आणतेय. ती आठ वर्षांची आहे, तुझी नात. सोमवारी आम्ही पर्थला कायमचे चाललोय. आलास तर आलास.'

रेक्सने तो कागद पंपाच्या खोलीत सोळा वेळा वाचला. नात. आठ वर्षांची. त्याने बोटांवर महिने मोजले, पत्राची तारीख मोजली, आणि तेव्हा त्याला कळलं की ते चौथं पत्र केरिनच्या हातात कुठल्या दिवसांत पडलं होतं. तो भिंतीला टेकून खाली बसला. टाळ्यांचा आवाज त्याला आठवत होता, आणि तो आवाज आपल्याला आवडला होता हेही आठवत होतं.

शनिवार उजाडला तोच तापलेला. दुपारपर्यंत चव्वेचाळीस अंश. साडेबाराला रेक्स नॉरीनकडे गेला. "दोनला नळ सोडशील? वीस मिनिटं. एवढंच."

"मला नेमून दिलेलं नाही," नॉरीन म्हणाली. मग त्याच्या चेहऱ्याकडे बघून, "डेस्मंडला विचार ना."

आणि या माणसाने विचारलं. सत्तरीला आलेला बाप्या पोरीला भेटायची परवानगी मागायला गेला. डेस्मंड रागावला नाही. तो कधीच रागावत नसे, हीच तर गोम होती. "जा की, रेक्स. अडवलंय कुणी? फाटक उघडं आहे. फक्त त्यांना सांगून जा." आणि त्याने व्हरांड्याकडे हात केला.

व्हरांड्यात सगळे उद्याच्या स्वागताचे कपडे इस्त्री करत होते. रेक्स त्यांच्यासमोर उभा राहिला. तोंडात वाक्य तयार होतं. सगळ्यांनी इस्त्र्या खाली ठेवल्या, वर पाहिलं. त्यांत एक माणूस असा होता ज्याने रेक्सला न्यूमोनिया झाला तेव्हा आठ रात्री उशाशी बसून काढल्या होत्या. एक अशी होती जी त्याच्या वाढदिवसाला ग्लेनिसचं नाव घेऊन मेणबत्ती लावायची, कारण त्याने एकदा सांगितलं होतं. कसं सांगणार या लोकांना, की मी चाललो? हे काही राक्षस नव्हते. राक्षस असते तर किती बरं झालं असतं.

"मी," रेक्स म्हणाला. "मी पंपाचा वायसर आणायला चाललोय."

"बरं," सगळे म्हणाले आणि इस्त्र्या उचलल्या.

नऊ वर्षांचा पंथ रेक्स पेडलरने वायसरच्या नावाखाली सोडला. हसा, खुशाल हसा.

बारा मिनिटांची वाट तो मान खाली घालून चालला. त्याला खात्री होती, पोरं मागे लागतील, दुकानांतून लोक बाहेर येतील, कुणीतरी ओरडेल, "आले का हो हलके?" नऊ वर्षं या बारा मिनिटांची त्याला सगळ्यांत जास्त भीती वाटत आली होती, डेस्मंडपेक्षाही. टपालाच्या कचेरीसमोर बाकावर दोन म्हातारे बसले होते.

"उकडतंय, रेक्स," एक म्हणाला.

"हो ना," रेक्स म्हणाला.

बस. एवढंच झालं. बेकरीत शिरला तर व्हिकने त्याच्याकडे पाहिलं, भट्टीतून एक पाइ काढली, सॉस घातला आणि पुढे सरकवली. केरिन अजून यायची होती. रेक्स त्या पाइकडे बघत राहिला आणि एकाएकी त्याचं डोकं फिरलं.

"व्हिक, मी तुला तिरका म्हणालो होतो. सगळ्या पबसमोर."

"म्हणाला असशील. ग्लेनिस गेली होती तेव्हा. आम्ही नाही ते धरलं."

"मग या नऊ वर्षांत एकदा तरी आत का नाही आलास? दर मंगळवारी फाटकाशी यायचास! एकदा तरी म्हणायचं, चल रेक्स, पुरे झालं!"

व्हिक गडबडला. हाताचं पीठ झटकू लागला. "अरे, वाटलं, तू सुखात आहेस. दुसऱ्याच्या घरात आपण कशाला नाक खुपसा?"

रेक्स खुर्चीत बसला. ज्या लाजेपायी तो नऊ वर्षं आत बसला होता ती गावाने त्याच आठवड्यात सोडून दिली होती, आणि शिष्टाचार म्हणून त्याला सांगितलं नव्हतं. अशी आमची सभ्यता. आग लागो तिला.

एकला पाच मिनिटं असताना केरिन आली. केस कापलेले, ग्लेनिससारखी चालत. हातात कागद होते, काय बोलायचं ते तिने लिहून आणलं होतं. मागे लांब ढांगांची, पुढचे दोन दात मोठे असलेली एक मुलगी.

"बाबा, मी आधी बोलते. मध्ये बोलू नकोस. मला कुणीतरी सांगितलंय की तुझ्याशी वाद घालायचा नाही, नुसतं..."

"चुकलं माझं," रेक्स म्हणाला.

बेकरीतल्या दोन बायका पिशव्या धरून तशाच थांबल्या.

"ते पत्र. माझंच. कुणी हात धरून लिहून घेतलं नाही. मी लिहिलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला बरं वाटलं. चुकलं गं माझं, केरिन."

केरिनने हातातले कागद एकदा बघितले, मग ते टेबलावर उलटे ठेवले आणि तोंडावर हात धरून रडू लागली. एल्सी आईकडे, मग त्याच्याकडे, मग पाइकडे बघत होती.

"तू गवतवाले आजोबा ना?" तिने विचारलं. "आई म्हणते तुझं गवत जगात सगळ्यांत सपाट आहे."

"असं म्हणते ती?" रेक्स म्हणाला. पाइ त्याने तिच्याकडे सरकवली.

पाऊण तास बरा गेला. पर्थचं घर, एल्सीची शाळा, मागच्या अंगणात एक खोली, "तुझ्यासाठी आहे असं मी म्हणत नाहीये, पण आहे," असं केरिन म्हणाली. रेक्स हसत होता. आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे त्याची नजर गेली. पावणेदोन.

तो उभा राहिला. "मी आलोच. दोन मिनिटं. नुसता नळ सोडून येतो."

केरिनचा चेहरा पांढरा पडला. "बाबा, बस."

"अगं, गवत करपेल. चव्वेचाळीस अंश आहे. एक तास चुकला की मेलं समज. मी आत जाणार नाही, बाहेरच्या बाजूने..."

"करपू दे."

"तुला नाही कळत, त्याला वर्ष लागलं. उद्या रविवार आहे. ती एकतीस माणसं उद्या उभी राहणार, आणि गवत करपलेलं असलं तर डेस्मंड सांगेल की रेक्समुळे..."

तो मध्येच थांबला. स्वतःच काय बोलला ते त्याने ऐकलं. केरिनने एल्सीचा हात धरला, टेबलावरची गाडीची किल्ली उचलली आणि दारात जाऊन उभी राहिली, दार उघडं धरून.

रेक्स गाडीत बसला. मागे बसला, एल्सीशेजारी, पांढऱ्या पँटीवर सॉसचा डाग. अ‍ॅडलेडचा रस्ता क्लबावरूनच जातो, दुसरा नाही. कुंपण आलं, फाटक वाऱ्याने आपटत होतं. पलीकडे त्याची हिरवळ, कडेकडेने आत्ताच पिवळी पडू लागलेली. नळ व्हरांड्यापासून चार पावलांवर होता. व्हरांड्यात सगळे एका ओळीत उभे राहून हिरवळीकडे बघत होते, नॉरीनही, आणि कुणीही हलत नव्हतं.

रेक्सने दाराची मूठ घट्ट धरली. "केरिन, गाडी थांबवू नकोस," तो म्हणाला. "मी सांगितलं तरी थांबवू नकोस."

पुढच्या वळणावर त्याने सांगितलंच. केरिनने गाडी थांबवली नाही.